चाकोरीचं माप

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. लोहार ती विस्तवात लाल करतो, सांडशीनं उचलून चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. निवताना धाव आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा या सगळ्यांना एकत्र आवळून धरते. तिचं माप सूतभर मोठं झालं, तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की ती निसटते. सूतभर लहान झालं, तर आऱ्यांवर ताण येऊन चाकच वाकडं होतं. इंग्रजीतल्या ‘टायर’ या शब्दाचा जुना अर्थही हाच, चाकाची लोखंडी धाव. रबर त्या शब्दात फार उशिरा शिरलं.

याच गाडीनं मराठीला आणखी एक शब्द दिला: चाकोरी. मातीच्या रस्त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या गेल्या की दोन समांतर चर पडतात. त्या चरांपेक्षा वेगळ्या रुंदीची गाडी तिथं आणली, तर तिचं एक चाक चरात आणि दुसरं वरंब्यावर चालतं. म्हणजे चाक कितीही उत्तम घडवलेलं असो, त्याचं माप एकट्या गाडीवानाच्या हातात नसतं. आधी गेलेल्या गाड्यांनी ते बरंचसं ठरवून ठेवलेलं असतं.

मोटारीच्या चाकांचा इतिहास वाचताना हा शब्द मला वारंवार आठवत राहिला. रोज रस्त्यावर चालवायची आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, अशा गाडीला कोणत्या मापाची चाकं आणि टायर घ्यावेत, हा प्रश्न हल्ली पुण्या-मुंबईच्या टायरच्या दुकानांत ऐकू येतो. उत्तर बहुधा डोळ्यांना काय शोभतं त्यावरून दिलं जातं. रिम जितकी मोठी तितकी गाडी ‘रेसिंग’ची, असा एक समज त्यामागे असतो. हा समज कुठून आला आणि तो किती खरा आहे, हे पाहण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

बाहेरचं माप आणि आतलं माप

हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्ये घेतलं. त्या काळी ना सायकली होत्या, ना मोटारी. कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. नाव मात्र टिकलं.

मोटारीवर हवेचा टायर चालतो का, हे पाहिलं गेलं शर्यतीत. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी आपली गाडी हवेच्या टायरवर पळवली. सुमारे १,२०० किलोमीटरचं अंतर, आणि वाटेत पंक्चरांची रांग. ठरलेल्या वेळेत ते पोचलेच नाहीत. पण गाडी पोचली, आणि मोटार हवेवर चालू शकते हे लोकांनी पाहिलं. या इतिहासात पुढंही असंच होत राहतं. शर्यत प्रश्न विचारते, रस्ता त्याचं उत्तर सावकाश देतो.

त्या काळातल्या टायरवरचे आकडे आजच्यापेक्षा वेगळे बोलतात. युरोपात ८१५ × १०५ असं माप लिहीत. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल-टीला मागं ३० × ३½ इंची टायर असत. इथंही ३० हा बाहेरचाच व्यास. दोन्हीकडून साडेतीन-साडेतीन इंच वजा केले की आतली रिम २३ इंचांची निघते. ही चाकं एवढी उंच असण्याचं कारण रस्ते हेच होतं. उंच चाक खड्ड्यात कमी उतरतं. आणि चाकोरी तिथंही होती. मॉडेल-टीच्या दोन चाकांमधलं नेहमीचं अंतर ५६ इंच असे, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घोडागाड्यांच्या चाकोऱ्या रुंद असल्यामुळे फोर्ड त्यांच्यासाठी ६० इंची गाडीही विकत असे. एकच गाडी लाखोंनी बनवायला निघालेल्या माणसालाही चाकोरीपुढं झुकावं लागलं.

१९२० च्या दशकात कमी दाबाचे, गुबगुबीत ‘बलून’ टायर आले आणि आकड्यांची भाषा उलटली. मॉडेल-टीलाच आता ४.४०-२१ या मापाचा टायर मिळू लागला. इथं ४.४० ही रुंदी आणि २१ हा आतल्या रिमचा व्यास. बाहेरचा आकडा टायरवरून नाहीसा झाला. पण हिशेब करून पाहा: २१ मध्ये दोन्ही बाजूंचे ४.४ इंच मिळवले की २९.८ येतात. म्हणजे जवळजवळ तेच ३० इंच. रिम दोन इंचांनी आत गेली, हवेची गादी जाड झाली, आणि चाक बाहेरून होतं तेवढंच राहिलं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण आज ‘पंधरा इंची’, ‘सोळा इंची’ म्हणतो तेव्हा फक्त आतल्या रिमबद्दल बोलत असतो. रस्त्याला स्पर्श करणारं, गिअरचं गणित सांभाळणारं, वेगाच्या काट्याला खरं बोलायला लावणारं माप बाहेरचं असतं, आणि ते टायरवर लिहिलेलंच नसतं.

जाता जाता आपल्या रोजच्या एका शब्दाचं मूळ सांगतो. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झालं की रस्त्याकडेला बसून ट्यूब काढायची. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये पंक्चर चाकावरच अडकवता येईल अशी जादा रिम विकायला काढली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. आपली ‘स्टेपनी’ ती हीच.

दहा इंचांची मिनी

बलून टायरनंतर रिम आतच जात राहिली. आपल्याकडच्या अँबॅसिडरची रिम १५ इंची होती, कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीची १४. या प्रवासाचं टोक मात्र १९५९ मध्ये इंग्लंडात गाठलं गेलं.

१९५६ च्या सुवेझ संकटात पेट्रोल महागलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं अ‍ॅलेक इसिगोनिस यांना लहानात लहान खरीखुरी मोटार बनवायला सांगितलं. त्यांनी सुमारे १० फूट लांबीच्या गाडीत चार माणसं बसवली. इंजिन आडवं टाकलं आणि चाकांच्या कमानींनी आतली जागा खाऊ नये म्हणून रिम अवघी १० इंचांची केली.  तिच्यासाठी टायर डनलॉपनं बनवून दिला: ५.२०-१०. म्हणजे मिनीच्या चाकाचं माप रस्त्यानंही ठरवलं नाही आणि वेगानंही नाही. मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांनी ते ठरवलं.

पुण्याच्या वाचकाला हे १० इंची चाक परकं नाही. आकुर्डीच्या बजाज चेतकला ३.५०-१० चा टायर असे. पावसाळ्यात खड्ड्याची खोली चेतकस्वारापेक्षा जास्त अचूक कुणाला कळली असेल? लहान चाक खड्ड्यावरून जात नाही, त्यात उतरतं. शिवाय ते जास्त फिरतं. अर्धा मीटर व्यासाचं चाक ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतं, तर साठ सेंटिमीटरचं चाक नऊशेपेक्षा कमी. फेरे वाढले की टायर तापतो आणि झिजतो.

तरीही मिनी शर्यतीत उतरली आणि जिंकली. जॉन कूपर यांच्या हातून तयार झालेल्या मिनी कूपरच्या घराण्यानं १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा माँते कार्लो रॅली जिंकली. हलकी गाडी, चारी कोपऱ्यांत ढकललेली चाकं, पुढच्या चाकांना ताकद. इथं खरी अडचण टायरची नव्हती, ती ब्रेकची होती. वेगवान गाडीला डिस्क ब्रेक हवा आणि १० इंचांच्या रिमच्या पोटात डिस्क मावणार तरी केवढी? पहिल्या कूपरला १९६१ मध्ये ७ इंचांची मिळाली, दोन वर्षांनी कूपर-एसला ७½ इंचांची. त्यापुढं भिंत होती. शेवटी १९८४ मध्ये साऱ्याच मिनींना १२ इंची चाकं आली, आणि त्यांच्याबरोबरच ८.४ इंचांच्या डिस्क.

साठ वर्षं आत जाणारी रिम इथून बाहेर यायला लागली. तिला बाहेर खेचलं ते ब्रेकनं. ‘मोठी रिम म्हणजे रेसिंग’ या समजाचं मूळ बहुतेक इथंच आहे. फक्त मधला दुवा, म्हणजे ब्रेक, लोकांच्या बोलण्यातून गळून पडला.

भिंत बुटकी होते

रिम मोठी करायची आणि बाहेरचं माप तेच ठेवायचं, तर टायरची भिंत बुटकी करावी लागते. जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरला ते जमत नव्हतं. मिशलँनं १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरनं ते शक्य केलं. त्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत लवचिक, तळवा ताठ. एक काम दुसऱ्याच्या आड येत नाही.

१९७० च्या दशकात पिरेलीनं लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी अतिबुटक्या भिंतीचा पी-७ टायर तयार केला, आणि तो लवकरच रस्त्यावरच्या पोर्श ९११ टर्बोवर आला. त्या गाडीला १९७५ मध्ये पुढं १८५/७० आणि मागं २१५/६० चे टायर होते. पुढच्याच वर्षी पी-७ सह २०५/५० आणि २२५/५० झाले. रिम अजून १५ इंचीच होती. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचं झालं, ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या घडणीचे मोठे ब्रेक आले आणि रिम १६ इंचांवर गेली. इथंही क्रम तोच दिसतो. आधी ताकद, मग ब्रेक, मग रिम.

हे आकडे कसे वाचायचे ते एका ओळखीच्या मापावर सांगतो. १८५/६० आर १५. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! कुणी शहाण्यानं बसून असं माप ठरवलं नसतं. ते चाकोरीनं ठरलं. रुंदी युरोपच्या सवयीची, रिम इंग्लंड-अमेरिकेच्या.

चाकोरी सोडलेले दोघे

हा गोंधळ मिटवायचा एक गंभीर प्रयत्न झाला. मिशलँनं १९७५ मध्ये टीआरएक्स नावाचा टायर आणला. रिमचा व्यासही मिलिमीटरमध्ये: ३९०, ४१५. रिमच्या कडेचा आकार नवा, भिंतीवरचा ताण कमी. बीएमडब्ल्यू, फोर्ड, फेरारी यांनी तो बसवला. टायर म्हणून त्याची स्तुती झाली. पण टीआरएक्सच्या रिमवर दुसरा कोणताही टायर बसत नव्हता. मालकाला आयुष्यभर एकाच दुकानात जावं लागणार होतं. इतर टायरवाल्यांचे साधे बुटके टायर चांगले झाले आणि टीआरएक्स मागं पडला. आज त्या जुन्या गाड्यांचे मालक टायरसाठी खास विक्रेत्यांकडे जातात आणि जबर किंमत मोजतात.

दुसरा प्रयोग शर्यतीतला. १९७६ मध्ये टिरेल संघानं फॉर्म्युला वनमध्ये सहा चाकांची पी-३४ उतरवली. पुढं १० इंची चार चाकं, वाऱ्याला अडथळा कमी व्हावा म्हणून. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीत तिनं पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. पण एवढे लहान टायर बाकी कुणीच वापरत नव्हते. गुडइयरनं मोठ्या टायरांवर जेवढं काम केलं तेवढं या लहानांवर केलं नाही. पुढच्या वर्षी गाडी मागं पडली आणि १९७७ अखेर निवृत्त झाली. गाडीची कल्पना हरली असं मला वाटत नाही. तिच्या टायरला सोबती मिळाले नाहीत.

उलट फॉर्म्युला वनची बाकी चाकं पाहा. २०२१ पर्यंत तिथं १३ इंची रिम होती, आपल्याकडच्या साध्या छोट्या गाडीएवढी. जगातल्या सर्वांत वेगवान वळणाऱ्या गाड्या जाड, उंच भिंतींच्या टायरवर पळत होत्या, कारण नियम तसा होता. भिंतीची लवचीकता त्यांच्या सस्पेन्शनचाच भाग होती. २०२२ मध्ये १८ इंची रिम आली ती मुख्यतः रस्त्यावरच्या गाड्यांशी नातं दिसावं म्हणून. मोठी रिम शर्यतीतून रस्त्यावर आली, असं आपण समजतो. इथं ती रस्त्यावरून शर्यतीत गेली.

भाच्याचा प्रश्न

माझ्या भाच्याकडे फोक्सवॅगन पोलो आहे, चाकणच्या कारखान्यात बनलेली. २०१० पासून काही वर्षं याच गाडीची, सगळे स्पर्धक सारख्याच पोलोत, अशी शर्यत आपल्या देशात भरत असे. त्यामुळे या गाडीभोवती हौशी मंडळींचा गोतावळा आहे. वर्षातून दोनदा तो चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जातो. एकदा त्यानं विचारलं, “मामा, सतरा इंची बसवू का?”

मी त्याला आधी पोस्टकार्ड दाखवलं. गाडी १,१०० किलोची धरली तर एका चाकावर सरासरी २७५ किलो. टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला तुकडा सुमारे १२२ चौरस सेंटिमीटरचा येतो. आपलं पोस्टकार्ड १४ × ९, म्हणजे १२६. गाडी रस्त्याला धरून असते ती अशा चार पोस्टकार्डांवर. टायर रुंद केला म्हणून पोस्टकार्ड फार मोठं होत नाही, कारण वजन तेच आणि हवा तीच. ते मुख्यतः आडवं होतं: आखूड आणि रुंद. वळणावर त्याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात तोटा, कारण रुंद टायरला बाजूला सारायला पाणी जास्त आणि वेळ कमी. ज्याला जुलैत घाट उतरायचा आहे त्यानं हे विसरून चालणार नाही.

मग बाहेरचं माप. त्याच्या गाडीच्या साध्या आवृत्तीला १७५/७० आर १४ येत असे. बाहेरचा व्यास ६०१ मिलिमीटर. त्याच्या गाडीला १८५/६० आर १५, ६०३. दोन्ही जवळजवळ सारखे. तो म्हणत होता तो २०५/४५ आर १७ बाहेरून ६१६ भरतो, म्हणजे दोन टक्के मोठा. गिअर तेवढे उंच होणार, काटा वेग कमी दाखवणार. भिंत १११ वरून ९२ मिलिमीटरवर येणार. खड्ड्याच्या कडेवर आदळताना रिम आणि दगड यांच्यामध्ये जे काही असतं ते एवढंच. शिवाय मोठ्या रिमचं वजन चाकाच्या कडेला असतं. ते फिरवायला ताकद लागते, थांबवायला ब्रेक लागतो आणि स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे ते रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याशी झगडतं.

“मग मोठी रिम घ्यायचीच कधी?” त्यानं विचारलं.

मिनी आणि पोर्शनं जे उत्तर दिलं तेच मी दिलं. ब्रेक मोठा केलास आणि तो पंधरा इंचांत मावला नाही, तर. त्याआधी नाही. ब्रेकच्या कॅलिपरवरून फिरेल अशी सर्वांत लहान रिम घ्यायची. गाडीच्या कंपनीनं मान्य केलेली मापं दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर छापलेली असतात. रस्त्यावर त्यांच्या बाहेर जायचं नाही. रिमची रुंदी टायरला साजेशी हवी. युरोपातल्या टायर-रिम संघटनेच्या तक्त्याप्रमाणे १८५/६० ला ५ ते ६½ इंच. अरुंद रिमवर ओढून बसवलेला रुंद टायर वळणावर कडेवर झुकतो. आणि शेवटी टीआरएक्सची आठवण ठेवायची: ज्या मापात चार-पाच कंपन्यांचे टायर मिळतात तेच माप आपलं. ट्रॅकवर टायर लवकर झिजतात. दुसरा जोड शोधताना हे कळतं.

त्यानं पंधरा इंचीच ठेवली. कंपनीचंच माप, पण चांगल्या, चिकट रबराचे टायर आणि हलकी अलॉय रिम. वाचलेल्या पैशांतून ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते पाहून ताजेच टायर घेतले. ट्रॅकवर टायर तापला की हवेचा दाब वाढतो, म्हणून दर फेरीगटानंतर तो मोजतो आणि घरी निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये पुन्हा ठरलेली हवा भरतो. ट्रॅकवरच्या सोबत्यांनी त्याच्या लहान चाकांची थट्टा केली, असं तो सांगत होता. दुपारनंतर, ब्रेक तापायला लागल्यावर, त्यांतल्या दोघांनी येऊन टायरचं माप विचारलं.

आपल्या ऊसपट्ट्यात रबरी चाकांच्या बैलगाडीला टायरगाडी म्हणतात. धावेच्या गाडीपेक्षा तिचं चाक कितीतरी लहान, तरी बैलांना ओझं हलकं जातं, कारण रस्ता आता डांबरी आहे आणि चाकात हवा आहे. त्या गाडीवानानं ना मोठं चाक शोभेसाठी घेतलं, ना लहान चाक स्वस्तात मिळालं म्हणून. त्यानं रस्ता पाहिला, ओझं पाहिलं, आणि गावात पंक्चर काढायला कोण आहे ते पाहिलं.